साचा तोच, रंग नवा

या मे महिन्यात लेक, जावई आणि नऊ वर्षांची नात महिनाभरासाठी अमेरिकेतून आली होती. मोठ्या बॅगा विमानाच्या पोटात गेल्या. पण बुटांचे एक जुने खोके मात्र नातीने सोळा तास मांडीवरून खाली ठेवले नव्हते. घरी पोहोचल्यावर हातपाय धुण्याआधी ते उघडले गेले आणि आमच्या दिवाणखान्यातल्या दिवाणावर तीस-पस्तीस चिमुकल्या मोटारी, ट्रक आणि विमाने रांगेत उभी राहिली. त्यातली एक उचलून तिने दोन-चार ठिकाणी मुडपली, आणि मोटारीची बाहुली झाली. चार बोटे उंचीची, हातपाय असलेली, रागीट चेहऱ्याची. हे 'ट्रान्सफॉर्मर्स'. यातले निम्मे जावयांचे, निम्मे तिचे. बाप आणि लेक यांच्यात संयुक्त खाते असावे, तसा तो संग्रह आहे.

मी बँकेत छत्तीस वर्षे काढली. तारण ठेवलेला माल मोजायची सवय डोळ्यांना लागलेली असते. ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. रांगेवरून नजर फिरवताना माझ्या लक्षात आले की, यातल्या बऱ्याच वस्तू एकच आहेत. एक लाल-पांढरा पिकअप ट्रक होता आणि एक निळा-तांबडा. दोन्ही उलटेसुलटे करून पाहिले. तोच सांधा, तोच खिळा, तीच चाके. फक्त डोके वेगळे आणि रंग वेगळा. मी आपला शहाणपणा करून म्हणालो, "अगं, ही दोन्ही एकच खेळणी आहेत. तुझ्या बाबांना दुकानदाराने एकच वस्तू दोनदा विकली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग एकेक हातात घेऊन, मला समजेल अशा बेताने सावकाश म्हणाली, "आबा, हा गिअर्स. हा दिवसभर कुरकुर करतो. आणि हा स्वर्व्ह. हा दिवसभर बडबड करतो. मग ते एक कसे असतील?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. कुरकुर करणारा आणि बडबड करणारा असे दोन सख्खे भाऊ माझ्या स्वतःच्या घरात होते, आणि त्यांचा चेहरामोहरा इतका सारखा की, पोस्टमन कायम गोंधळायचा. ते दोघे एकच आहेत, असे आमच्या आईला कोणी सांगितले असते, तर तिने त्याला पायरी चढू दिली नसती.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. जुनाच साचा, नवा रंग, नवे नाव आणि पुन्हा तीच किंमत: हा प्रामाणिक व्यवहार की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ? प्रश्न खेळण्यांचा असला तरी पोरखेळ नाही. कारण एकदा, नोकरीच्या उमेदीच्या काळात, मी या प्रश्नाचे उत्तर अधिकृत कागदावर, सही-शिक्क्यासह देऊन बसलो होतो. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी या रोबोंची वंशावळ.

हे रोबो मुळात अमेरिकेचे नव्हेत, जपानचे. तकारा या जपानी कंपनीच्या 'डायाक्लोन' आणि 'मायक्रोमॅन' अशा दोन मालिका होत्या. मोटार किंवा विमान उलगडले की यंत्रमानव व्हावा, ही करामत त्यांची. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने त्यांतली निवडक खेळणी घेतली, एका छत्राखाली आणली आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात उतरवली. सोबत चित्रकथा आणि दूरदर्शन मालिका. पहिल्या दिवसापासून या घराण्यात रंगबदलाची चाल होती. एफ-१५ या लढाऊ विमानाचे एकच खेळणे तीन रंगांत आले आणि तिघांची तीन नावे झाली: करडा स्टारस्क्रीम, निळा थंडरक्रॅकर, काळा-जांभळा स्कायवार्प. एका व्हॅनचा आयर्नहाइड झाला. तीच व्हॅन पांढरी करून रुग्णवाहिका केली, तो रॅचेट. एक लढवय्या, दुसरा डॉक्टर. लाल स्पोर्ट्स कार साइडस्वाइप आणि तिचीच अग्निशमन दलाची आवृत्ती १९८५ सालची रेड अलर्ट.

या सगळ्यांत धाकटी भावंडे म्हणजे 'मिनीबॉट'. ही सर्वांत स्वस्त. आईबापांच्या खिशातल्या सुट्या पैशांत बसणारी. १९८४ साली ती सहा होती: बम्बलबी, क्लिफजम्पर, ब्रॉन, गिअर्स, हफर आणि विंडचार्जर. १९८६ साली पाच नवी नावे आली: हबकॅप, आउटबॅक, स्वर्व्ह, पाइप्स, टेलगेट. नावे नवी, अंगे जुनीच. हबकॅप म्हणजे क्लिफजम्पर, आउटबॅक म्हणजे ब्रॉन, स्वर्व्ह म्हणजे गिअर्स, पाइप्स म्हणजे हफर आणि टेलगेट म्हणजे विंडचार्जर. डोके बदलायचे, थोडा तपशील बदलायचा, रंग फिरवायचा. या छंदातल्या लोकांनी त्यालाही शब्द ठरवले आहेत. नुसता रंग बदलला तर 'रीडेको', साच्यात फेरफार केला तर 'रीटूल', आणि जुनाच माल जुन्याच रूपात पुन्हा आणला तर 'रीइश्यू'. आमच्या लेजरमध्ये जशी तीन खाती असावीत तशी.

आता हे असे का करतात, याचे उत्तर मला जावयांनी नव्हे, भोसरीच्या एका कारखानदाराने दिले होते; तेही १९८८ साली.

मी तेव्हा तिथल्या एका शाखेत कर्जविभागात होतो. हे गृहस्थ एका शेडमध्ये दोन इंजेक्शन मोल्डिंग मशीन चालवत. बाटल्यांची झाकणे, डबे, असा माल. त्यांना खेळण्यातल्या मोटारीचा साचा करून घ्यायचा होता आणि त्यासाठी कर्ज हवे होते. मी पाहणीला गेलो. त्यांनी मला प्लास्टिकचा दाणा दाखवला, त्यात रंगासाठी मिसळायचा मास्टरबॅच दाखवला. मशीनने एक झटका दिला आणि झाडाच्या फांदीला पाने असावीत तसे एका रनरला लटकलेले आठ-दहा सुटे भाग बाहेर आले.

"साहेब," ते म्हणाले, "दाण्याला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात पोलादाला. साचा एकदा कापला की कापला. मोटार खपली नाही, तर तो पोलादाचा ठोकळा दारात ठेवायचा."

हिशेब सोपा आहे. समजा साचा दोन लाखांचा. दहा हजार नग विकले, तर प्रत्येक नगाच्या डोक्यावर साच्याचे वीस रुपये बसतात. वीस हजार विकले, तर दहाच. पण एकाच गावात एकच मोटार वीस हजार मुले घेत नाहीत. म्हणून त्यांची योजना अशी की, एकच मोटार तीन रंगांत काढायची: पोलिसांची, रुग्णवाहिका आणि टॅक्सी. एका साच्यावर तीन गिऱ्हाइके.

मी शाखेत परत आलो आणि टिपणी लिहिली. ती मला आजही शब्दशः आठवते, कारण तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. 'प्रस्तावात तीन उत्पादने दर्शविली आहेत. प्रत्यक्षात उत्पादन एकच आहे. वैविध्याचा दावा दिशाभूल करणारा वाटतो.' वरिष्ठांनी माझ्या चाणाक्षपणाचे कौतुक केले आणि प्रस्ताव नामंजूर झाला. त्या गृहस्थांनी वाद घातला नाही. खाते मात्र वर्षभरात बंद केले. झाकणांचा धंदा त्यांनी पुढे किती वर्षे केला, मोटार कधी निघाली का, मी विचारायला गेलो नाही. आणि ज्या युक्तीला मी दिशाभूल म्हटले, तिच्यावर हॅस्ब्रोने चार वर्षे आधीच आयर्नहाइड आणि रॅचेट उभे केले होते. व्हॅन आणि रुग्णवाहिका. रंगसुद्धा तेच, लाल आणि पांढरा.

म्हणजे अर्थशास्त्र सरळ आहे: पुनर्रंग हा साच्याची किंमत वसूल करण्याचा मार्ग आहे आणि त्यामुळेच लहान खेळणे स्वस्त राहू शकते. उलगडणाऱ्या रोबोला साध्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक सुटे भाग लागतात. त्या प्रत्येकासाठी पोलादात पोकळी कोरावी लागते. त्यात एका रनरवरचे सगळे भाग एकाच रंगाच्या दाण्याचे निघतात. म्हणून ज्याचा खांदा लाल, त्याचे गुडघेही लाल, असे का, याचे कारण पुष्कळदा सौंदर्यशास्त्रात नसून रनरवर असते. वेगळा रंग हवा तर तो वरून मारावा लागतो आणि रंगाच्या प्रत्येक हातामागे पैसे पडतात. हल्लीचे आरेखनकार तर साचा कापतानाच दुसऱ्या डोक्याची सोय करून ठेवतात. थोरला जन्माला येण्याआधी धाकट्याचे नाव ठरलेले असते.

पण नुसत्या अर्थशास्त्राने माझ्या नातीचे उत्तर सिद्ध होत नाही. तीन रंगांची मोटार तीन मोटारी कधी होते? इथे माझ्यातला कादंबरीकार जागा झाला.

मूळ डायाक्लोन मालिकेतले रोबो जिवंत नव्हतेच. ती यंत्रे होती. त्यांच्यात बसायला बोटाच्या पेराएवढे चालक मिळत. अमेरिकेत आल्यावर हॅस्ब्रोने मार्व्हल कॉमिक्सची मदत घेतली. तिथल्या बॉब बुडियान्स्की या संपादक-लेखकाने बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. चालक गेला आणि यंत्र स्वतःच पात्र झाले. खोक्याच्या पाठीवर प्रत्येकाची छोटी ओळख छापलेली असे आणि सोबत ताकद, बुद्धी, वेग यांचे आलेख. ते लाल पारदर्शक पट्टीतून पाहिले तरच वाचता येत. त्या ओळखी मी जावयांकडून समजून घेतल्या. हफर हा निराशावादी, घरच्या आठवणीने झुरणारा. त्याच्याच अंगाचा पाइप्स मात्र पृथ्वीवरच्या किरकोळ वस्तू कुतूहलाने गोळा करणारा. विंडचार्जरच्या हातांत चुंबकाची शक्ती. त्याच्याच अंगाच्या टेलगेटला वाटते की, पृथ्वीवरच्या मोटारी म्हणजे माणसांनी गुलाम केलेले आपले भाऊबंद आहेत. आता सांगा, एका साच्यातून निघालेल्या दोघांपैकी एकाला रस्त्यात उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षाची दया येत असेल, तर ते दोघे एक कसे? माझ्या मते हे चांगले पात्रलेखन आहे, आणि ते चार ओळींत केलेले आहे. आम्ही चारशे पाने घेतो.

आपल्याकडे हे कोणाला नवे वाटू नये. पेणच्या कारखान्यात एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. कुठे पितांबर पिवळा, कुठे जांभळा, कुठे शेला हिरवा. सर्वांत शेवटी जाणता कारागीर डोळ्यांची आखणी करतो. आपण फळीवरच्या वीस सारख्या मूर्तींपैकी एक उचलतो आणि घरी पाटावर ठेवताच ती 'आमची मूर्ती' होते. साचा कोणता, हे कोणी विचारत नाही. अर्थात देव आणि खेळणे यांची बरोबरी करण्याचा हेतू नाही; साचा आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, एवढेच म्हणायचे आहे.

मग एका दुपारी भिंग घेऊन बसलो आणि नातीच्या देखरेखीखाली जोड्यांची रीतसर तपासणी केली. गंमत अशी की, १९८६ च्या जोड्या तीस वर्षांनी पुन्हा तशाच लावल्या गेल्या आहेत. स्वर्व्ह आणि गिअर्स २०१४ साली नव्या साच्यातून आले, तोही दोघांत मिळून एकच. टेलगेट २०१४ चा, त्याच्यावरून विंडचार्जर २०१५ चा. हफर २०१५ चा, त्याच्यावरून पाइप्स २०१६ चा.

यांत पहिला नंबर मी गिअर्स-स्वर्व्हला दिला. इथे डोके खरोखर बदलले आहे आणि चेहऱ्यावरूनच स्वभाव कळतो. शिवाय निळ्या रंगाने गिअर्सचे ठेंगणे अंग जड दिसते, तर तेच अंग लाल-पांढऱ्या रंगात मोकळे, हसरे वाटते. चांगला रंगारी हे जाणतो. दुसरा नंबर हफर-पाइप्सचा. नारिंगी-जांभळा हफर आणि निळा पाइप्स शेजारी ठेवले की, एकाच वाड्यातली दोन बिऱ्हाडे वाटतात. टेलगेट-विंडचार्जरला मी थोडे कमी गुण दिले. पांढऱ्या प्लास्टिकवर सांध्यांच्या रेघा हरवून जातात. लालवर त्या उठून दिसतात. त्यामुळे नंतर आलेला विंडचार्जर पहिल्यापेक्षा उजवा ठरतो. टेलगेटला कमी गुण मिळालेले नातीला मुळीच आवडले नाही. "त्याला वाईट वाटेल," ती म्हणाली. मी अर्धा गुण वाढवला. बँकेत असे कधी केले नव्हते.

इथवर सगळे गोड झाले. पण या धंद्याला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवली तर हे परीक्षण म्हणजे जाहिरात ठरेल.

जावयांच्या संग्रहात एक सोनेरी मुलामा दिलेला बम्बलबी आहे. १९९३ साली खप मंदावल्यावर कंपनीने 'जनरेशन टू' या नावाने जुनी खेळणी भडक रंगांत पुन्हा काढली, त्यातला हा. साचा १९८४ चाच. मिनीबॉटांना आरशासारखा चकचकीत मुलामा दिला होता. दुकानाच्या दिव्याखाली तो डोळे दिपवतो. मुलाच्या हातात आला की कोपऱ्याकोपऱ्यावरून निघू लागतो. या बम्बलबीचे नाक आता काळवंडले आहे. नाव जुने, स्वभाव जुना, गोष्ट तीच. बदलली फक्त चमक. याला मी दिशाभूल म्हणायला तयार आहे. सोनेरी रंगाचा आणखी एक किस्सा संग्राहक सांगतात: १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून काही खेळण्यांत सोनेरी कण मिसळलेले प्लास्टिक वापरले गेले, ते वर्षांनुवर्षे कपाटात नुसते ठेवले तरी ठिसूळ होऊन सांध्यांत तुटते. वरून सोने आणि आतून भुसा, अशी काही कर्जखातीही मी पाहिली आहेत.

तिसरा प्रकार टंचाईचा. १९९४ पासून अमेरिकेत या खेळण्यांच्या चाहत्यांचा 'बॉटकॉन' हा मेळा भरू लागला. तिथे हजर राहणाऱ्यांसाठी म्हणून जुन्याच साच्यातले खास रंगातले खेळणे मोजक्या संख्येने काढत. मोठ्यांचा छंद म्हणून ते ठीक. पण तीच चाल दुकानांत आली: अमुक रंग अमुक दुकानसाखळीतच मिळेल, खोक्यात नायक चार आणि धाकटा एकच. मग त्या एकासाठी आईबापांनी दहा दुकाने हिंडायची. इथे कंपनी खेळणे विकत नसते, चुटपुट विकत असते.

आणि जुने हटवून नवे खपवण्याची कमाल झाली ती १९८६ च्या चित्रपटात. नव्या खेळण्यांना जागा हवी म्हणून पडद्यावर जुनी पात्रे धडाधड मारली गेली. त्यात सगळ्यांचा पुढारी ऑप्टिमस प्राइमही गेला. आमच्या भाषेत याला 'राइट ऑफ' म्हणतात. पण चित्रपटगृहांत मुले ओक्साबोक्शी रडली. त्यांचा शोक इतका खरा होता की, पुढच्या वर्षी मालिकेत त्याला परत जिवंत करावे लागले. कंपनीला तो लाल-निळा माल वाटत होता. मुलांना ती व्यक्ती वाटत होती. ज्या गोष्टीच्या जोरावर तुम्ही एक साचा दोनदा विकता, तीच गोष्ट मग तुमच्यावरही बंधनकारक होते.

दगड मारण्याआधी स्वतःचे घर पाहावे. बँकांनी तरी काय केले? एकाच मुदतठेवीला व्याज महिन्याला दिले की एक नाव, तिमाहीला दिले की दुसरे, मुद्दलात मिळवले की तिसरे. दर दिवाळीला नवे पत्रक. मी स्वतः अशी पत्रके लिहिली आहेत. आणि माझी तिसरी कादंबरी म्हणजे दुसरीचेच गाव बदलले आहे, असे एका समीक्षकाने लिहिले होते. तेव्हा राग आला. आता या खोक्यासमोर बसल्यावर वाटते, डोके बदलायला हवे होते, मी नुसता रंग फिरवला.

हे सगळे आज लिहायचे कारण असे की, येत्या काळात घराघरांत हे पुनर्रंग अधिक येणार, असा माझा अंदाज आहे. आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना गुणवत्तेचे भारतीय मानकचिन्ह सक्तीचे झाले. तिकडे अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचे शुल्क चढवत १४५ टक्क्यांवर नेले, मे महिन्यात ३० टक्क्यांपर्यंत उतरवले. मुलींना तीस बाहुल्यांऐवजी दोन मिळाल्या तरी चालेल, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या अध्यक्षांनी त्याच सुमारास काढले. शुल्काचा दर असा महिन्याला हलू लागला की, नवा साचा कापायचे धाडस कोण करणार? कपाटातला जुना काढून नवा रंग चढवणे हाच सुरक्षित मार्ग उरतो. आणि हॅस्ब्रोसारख्या कंपन्या उत्पादन चीनबाहेर, व्हिएतनाम आणि भारताकडे, नेत आहेत. साचे पुन्हा प्रवासाला निघाले आहेत.

पुन्हा म्हणायचे कारण, असा प्रवास आपल्या दारात एकदा होऊन गेला आहे. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी निघाली आणि गोव्यात तिचा कारखाना झाला. हॅस्ब्रोच्या साच्यांतून तिथे 'जी. आय. जो' सैनिक निघू लागले; पण रंग पुष्कळदा मुळाशी जुळत नसत. जावयांचे बालपण फोंड्यातले. त्यांच्या लेखी तेच खरे रंग होते. अमेरिकेत गेल्यावर त्यांना कळले की, आपण ज्यांना चिखलात खेळवले, ते गोव्याचे सैनिक तिथले संग्राहक हौसेने शोधत असतात. ते जावई आज बाहेरगावच्या दुकानात पुनर्रंग पाहिला की नाक मुरडत नाहीत. त्यांचे सगळे बालपणच पुनर्रंगाचे.

तेव्हा, येत्या वाढदिवसाला दुकानात उभे असलेल्या आईबापांसाठी आणि आजीआजोबांसाठी तीन साध्या कसोट्या सुचवतो. पहिली, डोके पाहा. चेहरा नवा असेल, स्वभाव नवा असेल, तर मूल त्याला नवा सोबती मानेल. नुसती चमक बदलली असेल, तर घरात आहे त्याच्यावर भागवावे. दुसरी, किंमत पाहा. जुन्या साच्याचे पैसे पूर्वीच वसूल झालेले असतात. त्यामुळे पुनर्रंग मूळ खेळण्याहून महाग असायला सबळ कारण नाही. 'मर्यादित' हा शब्द हे कारण नव्हे. तिसरी, रंग कोणता आहे त्याहून तो कशाचा आहे ते पाहा. २००७ साली मॅटेलसारख्या बड्या कंपनीला रंगातल्या शिशामुळे लाखो खेळणी परत बोलवावी लागली होती. मानकचिन्ह नसलेला स्वस्त रोबो लहानग्याच्या तोंडात जाणार असेल, तर तो स्वस्त नाही.

पहिल्या कसोटीवर भोसरीची ती मोटार घासून पाहिली. पोलिसांची गाडी चोर पकडते. रुग्णवाहिका आजाऱ्याला नेते. टॅक्सी आजीला स्टेशनवरून घरी आणते. सतरंजीवर खेळणाऱ्या कोणत्याही पोराने ही तीन उत्पादने आहेत असे डोळे झाकून लिहून दिले असते. ते मला, अर्थशास्त्राचा पदवीधर असून, दिसले नाही. त्या गृहस्थांचे नाव मला आठवते. पत्ता आता राहिला नसेल. त्या टिपणीतले 'दिशाभूल करणारा' हे शब्द मी आज मागे घेतो. उशीर झाला आहे, हे मान्य.

परवा लेकीचा फोन आला. नातीला या वाढदिवसाला आउटबॅक हवा आहे. मूळ १९८६ चा, जुन्या बाजारातला का असेना. मी जावयांना म्हणालो, "अहो, तुमच्याकडे ब्रॉन आहे की. साचा तोच." पलीकडून नातीचा आवाज आला, "आबा!"

मी पैसे पाठवून दिले.